भावाचे उपचार आणि मुलीचं करिअर, दोन्ही वेगळे ठेवा

ताई, तुमची मुलगी बारावीत आहे, शास्त्रीय गायन शिकते. दहा वर्षांच्या धाकट्याला ऑटिझम आहे. तो भिंतीवर डोकं आपटू लागला की ही धावत जाऊन गाते आणि तो शांत होतो. म्हणून तिने तीन महिन्यांचा ऑनलाइन म्युझिक थेरपीचा कोर्स करावा, अकरावीत 58 टक्केच पडल्याने नाहीतरी दुसरं काही जमणार नाही, असं तुम्ही लिहिता.

58 टक्क्यांचं मला काही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या पत्रात तिला काय करायचंय याची एक ओळही नाही, याचं वाटलं. अभ्यास टाकून ती भावाच्या आवाजासरशी उठते, हे तुम्ही कौतुकाने सांगता. सतरा वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी टाकणं चूक आहे. तिचं करिअर भावाच्या सोयीने ठरवणं त्याहून मोठी चूक.

आणि ज्या अनुभवावर हा बेत उभा आहे, तोच उलटा आहे. डोकं आपटलं की गाणं आणि ताई दोन्ही लगेच मिळतात, हे त्याला पक्कं समजलंय. ज्या कृतीपाठोपाठ आवडती गोष्ट मिळते, ती कृती वाढते. संगीत बक्षीस म्हणून चालतं, पण ते न आपटता गेलेल्या वेळेनंतर द्यायचं. आधी डॉक्टरांकडून कान आणि दात तपासून घ्या. दुखण्यामुळेही मुलं डोकं आपटतात. मग पाच दिवस नुसती नोंद ठेवा: आधी काय घडलं, किती वेळा आपटलं, नंतर त्याला काय मिळालं. समजा तासाला 12 वेळा, म्हणजे सरासरी 5 मिनिटांनी एकदा. तर टायमर 4 मिनिटांचा लावा. तेवढा वेळ नीट गेला की त्याच्या आवडीचं गाणं 30 सेकंद. मध्येच आपटलं तर न बोलता उशी सरकवा आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून. सलग तीन दिवस जमलं की 5 मिनिटं करा. एकदम 15 वर गेलात तर बक्षीस त्याच्या हातीच लागणार नाही. तेच गाणं दिवसभर मोबाइलवर वाजत असेल तर त्याची ओढ राहत नाही. सुरुवातीला आपटणं वाढू शकतं. तेव्हा घाबरून गाणं लावलंत, तर जोरात आपटलं की मिळतं एवढंच तो शिकेल. अभ्यास टाळायला आपटत असेल, तर गाण्याने भागणार नाही. त्याला ‘थोडं थांबू’ असं चित्रकार्ड दाखवायला शिकवावं लागेल. डोक्याला इजा होऊ शकते, म्हणून हे सगळं आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीच करा.

यात गळ्यापेक्षा मोजमापाचं कौशल्य लागतं. 1962 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बीट्रिस बॅरेट यांनी एका रुग्णाच्या शरीराला आपोआप बसणारे झटके (टिक्स) संगीत वापरूनच कमी केले. झटका आला की त्याने स्वतः निवडलेलं संगीत दीड सेकंद बंद पडायचं. गाणं टेपवरचं होतं.

तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर हे काम येत नाही, आणि आरसीआयच्या नोंदणीत म्युझिक थेरपिस्ट असा वर्गही नाही. तिला खरंच या क्षेत्रात यायचं असेल तर मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर आणि पुढे आरसीआयमान्य क्लिनिकल सायकॉलॉजी, किंवा विशेष शिक्षणातलं बी.एड. नुसतं गाणं किंवा कॉमर्स हवं असेल, तर तेच घेऊ द्या. पुढचं पत्र तिला लिहायला सांगा आणि न वाचता पाठवा.