पावसाळी आभाळाखाली फोटो काढायला निघताना

प्रिय,

शनिवारी तू आणि तुझा मित्र चातकाचे फोटो काढायला अंबाझरी तलावाकाठच्या बायोडायव्हर्सिटी पार्कला जाणार, पण मोबाईल पाऊस दाखवतोय, मग जावं का, असं विचारलंस. जा. मृगात नागपूरचं आभाळ दिवसभर एका मताचं राहत नाही. लख्ख सकाळची वाट बघत बसलास तर दिवाळी उजाडेल, आणि लख्ख उन्हातले फोटो तसेही सगळ्यांकडे असतात.

फक्त एक गोष्ट घरूनच ठरवून निघा. एकाचा डोळा कॅमेऱ्याला लागला की दुसऱ्याने आभाळ बघायचं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाळी बदलायची. दोघंही पक्ष्यामागे लागलात तर पाठीमागून काळं कधी दाटून आलं ते कळणार नाही. वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला की सामान उचला. तळ्याकाठी उघड्यावर थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली तर नाहीच. पक्की इमारत नाहीतर काचा बंद केलेली कार गाठा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप दोघांच्याही मोबाईलवर असू दे. आभाळ बघणाऱ्याने ‘चल’ म्हटलं की वाद नको. ‘थांब ना, एकच क्लिक’ म्हणणाऱ्या मित्रासोबत मी हिवाळ्यात कुठेही जाईन, पावसाळ्यात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात हाच तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता चातक. तो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून सातभाईंचा कलकलाट ऐकू आला की आजूबाजूच्या शेंड्यांवर नजर ठेव. पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर तुरा. बदलत्या उजेडात फोटोवाल्याला फसवावं तर यानेच. करड्या आभाळासमोर बसला की कॅमेरा आभाळाच्या उजेडाला भुलतो आणि पक्ष्याचा कोळसा करतो. तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी डायल, प्लस एक कर, कधी त्याहून थोडं जास्त. पण ढग फाटून त्याच्या अंगावर ऊन पडलं की तेच प्लस एक पोटाचा पांढरा रंग पार उडवून टाकतं, आणि पूर्ण उडालेला पांढरा रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या, फाइलमधूनही परत मिळत नाही. ऊन आलं की अंगठ्याने डायल शून्यावर आणायची सवय लाव, स्क्रीन न बघता. सर ओसरल्यावर पक्षी अंग झटकतात. ते उडणारे थेंब हवे असतील तर शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेव आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, चढून फोटो दाणेदार झाला तर होऊ दे. दाणेदार फोटो मला चालतो, हललेला नाही.

स्पीकरवर आवाज लावून त्याला बोलवायचं मात्र नाही. हे त्यांचे विणीचे दिवस आहेत. कुणी शेजारी तसं करत असेल तर तिथून उठून जा. तो फोटो तुझ्या कामाचा नाही.

कारने जाणार असाल तर पोहोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा. थंड लेन्स दमट हवेत काढली की धुकं धरते, आणि नेमका तेव्हाच पक्षी समोर येतो. रुमालाने पुसत बसू नकोस, आपोआप जाऊ दे. परतताना तर्री-पोहे खायला थांबाल, थांबा; पण घरी आल्यावर ओली बॅग तशीच कोपऱ्यात टाकून झोपू नकोस. सगळं पंख्याखाली पसर, मग ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. आणि आईने सुचवलं तरी कॅमेरा तांदळाच्या डब्यात नको. पिठूळ आत जातं.

पुढच्या रविवारी मेमरी कार्ड घेऊन ये, मित्रालाही आण. त्याने काय टिपलं तेही बघू.

तुझा,
काका