वास येणं आणि वास घेणं

प्रिय सई,

पत्र मराठीत लिहितोय. जोडाक्षरं अडली तर आईला विचार, माझ्याकडे येऊ नकोस. तू समोर बसून हे वाचायला लागलीस तर मी उठून भांडी घासायला जाईन.

शनिवारी लायडनहून परत येताना तू गाडीत मला विचारलंस, "बाबा, माझं नाक घाण आहे का?" तेही डचमध्ये. मनाला काही लागलं की तू डचमध्ये बोलतेस, हे मला आता कळायला लागलंय. मी "नाही गं, वेडी का तू" म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. पंधरा मिनिटांचा तर प्रवास. हेग आलं, उतरलो, विषय संपला. तुझ्यापुरता संपला असेल. मला काही झोप लागली नाही.

झालं होतं एवढंच. होर्टसमधल्या, म्हणजे लायडनच्या त्या जुन्या वनस्पती-बागेतल्या, बाईंनी तुम्हा मुलांना तासभर नुसते वास घ्यायला लावले. जिरॅनियमचं पान चुरून हुंगा, लॅव्हेंडर हुंगा, रोझमेरी हुंगा. निघताना एकेकाच्या हातात गुलाबाचं फूल ठेवलं. तू म्हणालीस, "हे आपल्या बाप्पाला," आणि बोलता बोलता फूल नाकाशी नेलंस. मी ओरडलो, "हुंगू नकोस!" चांगला खणखणीत. चार माणसं वळून बघायला लागली. तुझी ती मैत्रीणही. जिथे सगळं हुंगायलाच बोलावलं होतं, तिथे तुझा बाप हुंगू नको म्हणून ओरडत होता.

ते मी ओरडलो नाही गं. माई ओरडली. माझ्या तोंडून.

माई म्हणजे तुझी पणजी. तू तिला फक्त फोटोत पाहिलंयस, कोकणातल्या आरवलीच्या घरी ओटीवर सूप घेऊन बसलेली. त्या सुपात काय आहे असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी "फुलं" म्हणून मोकळा झालो होतो. ती सुरंगीची फुलं आहेत. आमच्या परसात सुरंगीचं मोठं झाड होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस यायचे. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून पहाटे अंधारातच बाबलो झाडावर चढायचा आणि खाली चादर धरून आम्ही, म्हणजे मी, भाईकाका आणि शुभाआत्या. मग सूप मधे ठेवून वळेसर करायला बसायचं. थोडे वळेसर घरात, देवाला, आणि बाकीचे शिरोड्याच्या बाजारात. वळेसर म्हणजे गजराच, पण सुरंगीच्या गजऱ्याला आमच्याकडे कोणी गजरा म्हटलं तर माई नुसती बघायची.

आता तूच विचार कर. सुरंगीचं भरलेलं सूप मांडीशी आहे, घरभर घमघमतंय, वाटेवरून जाणारा माणूससुद्धा थांबतोय, आणि आम्हाला ताकीद काय, तर वास घ्यायचा नाही! "हुंगलेला फूल देवाक चलणा नाय." का, तर ते उष्टं होतं. नैवेद्य दाखवायच्या आधी तू मोदकाला हात लावलास की आई डोळे वटारते ना, तसंच. मी एकदा माईला म्हटलं, अगं पण मला वास येतोच आहे, त्याचं काय करू? माई म्हणाली, "वास इलो तर येंवदे. घेवचो नाय."

हे डचमध्ये तुला कसं सांगू, मला कळत नाही. वास येणं वेगळं आणि वास घेणं वेगळं. आलेल्या वासाला आपण जबाबदार नाही. घेतला, की झालं उष्टं. माईचा सगळा कायदा त्या एका क्रियापदावर उभा होता. आम्ही पोरं मग वारा येईल त्या बाजूला सरकून बसायचो. नाक सुपाकडे न्यायचं नाही, पण वाऱ्याला अडवणार कोण?

म्हणजे मला असं म्हणायचं नाही की तूही असंच करावंस. मी फक्त सांगतोय कसं होतं ते. लांबून, न बघितल्यासारखं करून घेतलेला वास मला अजून आठवतो. कदाचित नाकाशी धरून घेतला असता तर इतका आठवला नसता. किंवा हे मी स्वतःची समजूत घालतोय.

होर्टसमधल्या त्या बाई क्लुसियसबद्दल बोलत होत्या तेव्हा तुम्ही पोरं बदकं बघत होतात, म्हणून सांगतो. ती बाग १५९० सालची, आणि १५९३ मध्ये क्लुसियस हे म्हातारे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे आले. पस्तीस मीटर बाय चाळीस मीटरचा तुकडा, आपल्या इमारतीमागच्या पार्किंगएवढा, आणि त्यात हजारावर झाडं. तेव्हा लोकांना वाटायचं की प्लेग घाण हवेतून येतो. म्हणून ज्यांना परवडायचं ते सुगंधी द्रव्यांनी भरलेला जाळीदार गोळा गळ्यात बांधून फिरायचे. त्यांच्यासाठी वास घेणं म्हणजे औषध. हे ऐकून मला जरा हसूच आलं. आमच्याकडे वास घेतला की फूल बाटतं, यांच्याकडे वास घेतला नाही तर माणूस मरतो.

पण याच क्लुसियसने त्याच्या कितीतरी आधी, १५६७ मध्ये, एका पोर्तुगीज पुस्तकाचा लॅटिनमध्ये संक्षेप छापला होता. ते पुस्तक गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याचं, छापलं गेलं १५६३ मध्ये, कुठे, तर गोव्यात. आरवलीपासून किती लांब आहे गोवा? तेरेखोल ओलांडली की गोवा. आणि त्या पुस्तकात आपला पारिजातक आहे. ओर्ताने त्याला 'दुःखी झाड' म्हटलंय, कारण ते रात्री फुलतं आणि सकाळी सगळं गाळून टाकतं. ते नाव पुढे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये कायम केलं. पारिजातकाच्या शास्त्रीय नावात अजून ते 'दुःखी' आहे. आणि गंमत ऐक, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून, केपवरून, जहाजातून १६०० च्या आधीच लायडनला पोचलेलं असावं असं एक जिरॅनियम आहे, तेही रात्रीच वास देतं, आणि त्याच्याही नावात तेच 'दुःखी'! दिवसा ज्याचा वास येत नाही ते बिचारं दुःखी, असा यांचा हिशोब. आपण मात्र तसल्याच झाडाला रातराणी म्हटलं. खरं कारण साधं आहे: रात्री पतंग येतात, त्यांना अंधारात पांढरा रंग आणि वासच सापडतो.

इथे माझी छाती फुगली होती, कबूल करतो. आपला पारिजातक गोव्यातून लायडनपर्यंत पुस्तकात बसून आला, हे मी तुला गाडीत सांगणार होतो. तेवढ्यात तू नाकाचं विचारलंस.

मग रात्री छाती खाली गेली. रातराणी मुळात अमेरिकेकडची. माईच्या देवाच्या गळ्यातला निशिगंध मेक्सिकोचा. दसऱ्याचं तोरण ज्याशिवाय होत नाही तो झेंडूसुद्धा तिकडचाच. तेव्हा आपलं, पूर्वापार, असं जे मी तुला ठासून सांगतो, त्यातलं अर्धं जहाजाने आलेलं आहे. आणि मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं जे द्रव्य असतं ना, तेच आपल्या शीमध्येही असतं. (हे तू शाळेत सांगणार, माहितीये मला.) कुठला वास शुद्ध आणि कुठला घाण, हे ठरवायला नाक पुरत नाही.

माईलाही अपवाद करावे लागायचेच. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण पारिजातक चालतो, कारण तो पडल्याशिवाय मिळतच नाही. तिथे कायदा मुकाट्याने वाकायचा. शुभाआत्यासाठी मात्र नाही वाकला.

हे लिहू की नको असा विचार करत होतो. पण तू विचारलंस म्हणून लिहितो. आत्या तेरा वर्षांची झाल्यावर महिन्यातले चार दिवस तिला सुपाजवळ येता यायचं नाही. ती मागच्या पडवीत बसायची आणि आम्ही ओटीवर वळेसर करायचो. फुलाला तिची सावली नको. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तिच्या वाटणीची फुलं मला ओवायला मिळतात म्हणून बरंच वाटायचं. तू परवा 'माझं नाक घाण आहे का' म्हणालीस तेव्हा मला पडवीत पाय मुडपून बसलेली आत्या दिसली. तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माईने काय उत्तर दिलं असतं, देव जाणे. माई वाईट नव्हती गं. तापात रात्र रात्र उशाशी बसायची. पण या बाबतीत ती हटायची नाही, आणि घरातल्या एकाही पुरुषाने तिला हटायला सांगितलं नाही.

आत्याने मात्र आपली वाट काढली होती. वाटेच्या कडेला बकुळीचं झाड होतं. त्या चार दिवसांत ती तिथे जाऊन खाली पडलेली बकुळीची फुलं वेचायची. ती काही देवाला जायची नाहीत, म्हणजे कितीही हुंगा. बकुळ वाळली तरी वास सोडत नाही. तिने शाळेची कंपासपेटी भरून ठेवली होती. कर्कटक आणि कोनमापक बाहेर, फुलं आत. भूमितीच्या तासाला पेटी उघडली की सगळा वर्ग मागे वळायचा, असं ती सांगायची. एकदा तिने ती माझ्या नाकाखाली धरली. मी सवयीने श्वास रोखून धरला. ती म्हणाली, "अरे घे, ही कोणाची नाहीत."

माईचंही एक सांगतो. दुपारी सगळे वळेसर झाले, सूप रिकामं झालं, की तिच्या बोटांना सुरंगीचे पिवळे कण चिकटलेले असायचे. हात धुवायला विहिरीकडे जायच्या आधी ती भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि हात चेहऱ्यावरून फिरवायची, घाम पुसल्यासारखा. नाकापाशी तो हात जरा जास्तच रेंगाळायचा. मी बघतोय हे तिला कळलं की म्हणायची, "काय बघतंस? वास येता."

तुझा गुलाब फ्रीजवर वाटीत पाण्यात ठेवलाय. देव्हाऱ्यात ठेवायचा तर ठेव, हुंगून ठेवलास तरी मी काही म्हणणार नाही. म्हणजे तोंडून काहीतरी निघेलही, पण तू लक्ष देऊ नकोस. नाक तुझं घाण नाही. हे मला गाडीतच नीट, तुझ्याकडे बघून, डचमध्ये सांगता यायला हवं होतं.

रविवारी शुभाआत्याशी व्हिडिओ कॉल आहे. तिला कंपासपेटीचं विचार. मी सांगितलं असं म्हणू नकोस, नाहीतर ती मला माझ्या गणिताच्या मार्कांची आठवण करून देईल.

तुझा,
बाबा