स्ट्रॅटेजी गेमवरून रोलप्लेसाठी पात्र कसं लिहावं? माझं प्रत्येक पात्र 'शूर राजपुत्र' होऊन बसतं.

राजपुत्रच हवा असेल तर २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ या स्ट्रॅटेजी गेममधला आर्थस बघा. स्ट्रॅथहोम शहरात रोगट धान्य घराघरांत पोचलेलं असतं, ते खाऊन लोक पिशाच्च होणार म्हणून तो आपल्याच प्रजेला कापून काढतो. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्यानंतरचा जास्त आवडतो. नॉर्थरेंडच्या बर्फात सैन्याला परतीचा हुकूम येतो, तेव्हा तो भाडोत्री टोळ्यांकडून आपलीच जहाजं जाळून घेतो आणि वर सैनिकांसमोर आळ त्याच टोळ्यांवर घेतो! शूर आहे, पण खोटारडा. पात्र इथे जिवंत होतं.

आता जरा बाजूला सरका. त्या टोळीतला एखादा वाचला असेल तर? मजुरी घेतली, काम चोख केलं, आणि मालकच तलवार घेऊन अंगावर आला. त्याचं पात्र घ्या. पहिलं वाक्य असं: "पैसे मोजून होईपर्यंत तो हसत होता."

किंवा त्याच गेममधला शेतकरी. एरवी लाकूड तोडतो, हल्ला झाला की हाक येते, घटकाभर शिपाई होतो आणि परत कुऱ्हाड उचलतो. शेजारचा मेला तरी झाड तोडायचंच असतं. याला मोठी भाषणं देऊ नका, हातावरचे घट्टे द्या.

आणि हो, रोलप्लेमध्ये पात्राचं सगळं पूर्वायुष्य पहिल्याच दिवशी सांगू नका. समोरच्यालाही काही विचारायला ठेवा की!