साप मोठा झाला, आता खायला किती?

प्रश्न: माझा बॉल पायथन ४ वर्षांचा आहे, वजन दीड किलो. लहानपणापासून दर आठवड्याला एक उंदीर देतोय, पण आता कधीकधी तोंडच फिरवतो. आजारी असेल का हो?

उत्तर: अहो, बहुतेक पोट भरलंय त्याचं! दर आठवड्याचं वेळापत्रक वाढत्या पिल्लांचं, मोठ्या बॉल पायथनला २ ते ४ आठवड्यांतून एकदा पुरतं, आणि उंदीर सापाच्या वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे ७५ ग्रॅमच्या आसपास, जाडीला सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच. कॉर्न स्नेक असता तर १०-१४ दिवसांनी म्हटलं असतं, त्याचं पचन जरा फास्ट.

साप जाड झालाय का बघा, अंग वळवल्यावर खवल्यांमधली कातडी दिसते, शेपटीच्या मुळाशी फुगवटा येतो. कात टाकायच्या आधी तर बरेचदा खातच नाहीत, आणि बॉल पायथन तसाही नखरेल, काही महिने उपाशी राहतो, वजन टिकून असेल तर घाबरू नका. वजन उतरत असेल किंवा तोंडातून फेस येत असेल तर मात्र सरळ व्हेटकडे. आणि हो, खाल्ल्यावर २ दिवस हातात घेऊ नका, ओकून टाकेल सगळं.