यूकेत स्वतःची रिक्रूटमेंट एजन्सी काढायची म्हणणाऱ्या अंबाजोगाईच्या भावाला

तुझा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे पुण्यात ४ वर्षं आयटी स्टाफिंगमध्ये आहेस, स्टुडंट व्हिसावर इकडं एमएस्सीला यायचं, वर्षभरात स्वतःची एजन्सी टाकायची आणि त्यासाठी घरची २ एकर विकायची का हे विचारतोयस. वर एक एजंट १८ लाखात थेट वर्क व्हिसा देतो म्हणतोय आणि त्याला ५० हजार टोकन देऊन बसलायस. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

मी केजकडचा. वडील ऊसतोडीचे मुकादम. दसरा जवळ आला की आमच्या ओसरीवर जत्रा, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, एकेका कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, नावापुढं उचल (आगाऊ रक्कम) किती ते आणि शेजारी निळा अंगठा. कारखान्याकडून पैसा आणायचा, टोळी जमवायची, फडात नेऊन उभी करायची, आणि एखादा कोयता मधूनच पळाला की ती रक्कम मुकादमाच्या बोडख्यावर. मला या धंद्याची लई लाज वाटायची, त्यातून सुटायचं म्हणून तर औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं. आणि आज लेस्टरमध्ये बसून करतो काय, तर तेच. म्हणून धंदा काय आहे ते तुला आयटीच्या भाषेत नाही, मुकादमाच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, मी माझ्या जीवावर आलोच नाही. बायको नर्स, लातूरला शिकलेली, तिनं आयएल्ट्सला घासून घासून ७ काढले, नॉर्दॅम्प्टनला ओस्की, म्हणजे नर्सची प्रात्यक्षिक परीक्षा, पास केली आणि २०१६ ला मी तिचा डिपेंडंट म्हणून, तिच्या व्हिसाच्या आधारानं आलो. गावात लोक हसले, हसू दे. पण डिपेंडंटला इथं जवळजवळ कुठलीबी नोकरी करता येते, स्वतःचा धंदाबी. हे तुझ्या लक्षात यायला पायजे कारण तुझा रस्ता तसा नाही, त्याचं खाली सांगतो.

सुरुवात केली लटरवर्थजवळच्या मॅग्ना पार्कात, म्हणजे नुसती गोदामं, आपल्या एमआयडीसीला पोटात घेतील एवढी. एजन्सीचा पिकर म्हणून लागलो, ८ महिने खोकी उचलली, मग त्याच एजन्सीनं साइटवर कोऑर्डिनेटर केलं. पहाटे साडेचारला फोन, आज ६ माणसं कमी आहेत, मग नावांची यादी काढायची आणि एकेकाला उठवायचं. रोमानियन, गुजराती, पंजाबी, पोलिश, सगळे. माझ्या गाडीच्या डिकीत अजूनबी सेफ्टी शूजचे ५ जोड असतात, ७ ते ११ नंबर, कारण कुणी ना कुणी स्पोर्ट शूज घालून येतो, गेटवरचा माणूस आत सोडत नाही आणि एक माणूस कमी पडला की क्लायंट माझं नाव काढतो, त्याचं नाही. पुण्यात तू पोर्टलवर सीव्ही शोधतोस, इथं इंडस्ट्रियल डेस्कचा, म्हणजे गोदाम-कारखान्याला माणसं पुरवायचा, धंदा फोनवर आणि पायावर चालतो.

आता पैशाचं नीट वाच. एप्रिल २०२५ पासून इथं किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड होती, त्यावरचा हिशोब मांडतो, पुढं दर वाढला की आकडे वर सरकव. १२.२१ चा माणूस तुला १२.२१ ला पडत नाही. सुट्टीचे १२.०७ टक्के धर, मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स १५ टक्के, पेन्शनचे ३ टक्के, शेवटचे दोन्ही एका मर्यादेच्या वरच्या रकमेवर, तरी ४० तासांच्या माणसाला तासाचा खर्च साडेपंधराच्या वरच जातो. क्लायंटला साडेसोळा लावले तर हातात ८०-९० पेन्स, त्यात ऑफिस, फोन, विमा, तुझी भाकर. परमनंट भरतीत वर्षाच्या पगाराच्या १५-२० टक्के फी मिळते, ते ऐकून पोरं हुरळतात, पण माणूस ३ महिन्यांत सोडून गेला की फी परत द्यावी लागते. पळालेला कोयताच की तो!

आणि मारतो तो उधारीचा काळ. २० माणसं लावलीस तर आठवड्याला नुसता पगार पावणेदहा हजार पौंड, तो शुक्रवारी जायलाच पायजे, क्लायंट मात्र बिल देणार महिना संपल्यावर ३० दिवसांनी, म्हणजे खरं तर ६-७ आठवड्यांनी. तोवर साठ-सत्तर हजार तुझे अडकलेले. म्हणून सगळे इन्व्हॉइस फायनान्स घेतात, बिल दाखवलं की ८०-९० टक्के लगेच हातात. मी २०२१ ला कंपनी काढली तेव्हा ब्रेक्झिट आणि कोविडनं ड्रायव्हरची नि मजुरांची ओढ होती, माणूस दिसला की काम, मला वाटलं मी लई हुशार. २०२३ ला फर्निचर पाठवणारा एक क्लायंट ५ आठवड्यांची बिलं बुडवून अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत गेला. ४१ हजार पौंड. फायनान्सवाल्यानं आपले पैसे माझ्याकडूनच वसूल केले कारण करारात तसं होतं आणि खाली माझी पर्सनल गॅरंटी, सही करताना मी ते पान उलटलंसुद्धा नव्हतं. बायकोनं वर्षभर हॉस्पिटलात जादाच्या शिफ्ट (बँक शिफ्ट) केल्या, मी सकाळी एजन्सी आणि रात्री डिलिव्हरी. वडिलांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, कारखाना बघून टोळी दे म्हणत होतो ना. आता नवीन क्लायंटचे हिशोब कंपनीज हाउसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, फुकट दिसतात ते आधी बघतो, मग माणूस देतो.

कायद्याचं थोडक्यात. एजन्सीला इथं सरसकट लायसन्स लागत नाही, पण शेती, खाण्याच्या वस्तू बनवणं-पॅकिंग, शिंपले असल्या कामाला मजूर पुरवणाऱ्यांचं सरकारी 'गँगमास्टर' लायसन्स लागतं, २००४ ला मोरकॅम्ब बेमध्ये २३ चिनी मजूर समुद्राच्या भरतीत बुडून मेले त्यानंतर आलेलं आहे ते. आणि १९७३ च्या कायद्यानं काम लावून देण्यासाठी मजुराकडून एक पेनी घेता येत नाही, एखाददुसरा अपवाद सोडला तर. पैसा क्लायंटकडून, संपलं.

तुझं व्हिसाचं. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास आणि स्वतःचा धंदा बिलकुल नाही. नंतर ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर १८ महिने, त्यात धंदा चालतो पण १८ महिन्यांत एजन्सी उभी करून पुढच्या वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर (मालक)बी शोधायचा, कामून हा जुगार? धंदा काढणाऱ्यांसाठीच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाला नवी कल्पना लागते, माणसं पुरवणं ही काय नवी कल्पना नाही. आणि आपल्या बीडची पोरं व्हिसा काढून आपल्याच एजन्सीतून गोदामात लावू असं मनात असेल तर ते काढून टाक, स्पॉन्सरशिप घेऊन तसं माणूस दुसऱ्याकडं राबवायला देता येत नाही.

त्यामुळं जमीन विकू नको. यायचंच तर कर्जावर ये, दीड-दोन वर्षं दुसऱ्याच्या एजन्सीत टेम्प डेस्कवर (तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या विभागात) घाल, पहाटेचे फोन उचल. सोडताना करारात ६ ते १२ महिने त्यांच्या क्लायंटला हात लावायचा नाही असं असतं, ते सही करायच्या आधी वाच. मी सांगतो वाच.

राहिला तो १८ लाखवाला. तो केअर वर्करचा (म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल) व्हिसा म्हणत असेल तर तो दरवाजा बाहेरून येणाऱ्यांसाठी २२ जुलै २०२५ लाच बंद झाला, आणि आपल्याकडच्या नियमानं लायसन्सवाल्या एजंटलासुद्धा ३० हजार अधिक जीएसटीच्या वर फी घेता येत नाही. भारत सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर त्याचा नंबर टाकून बघ. नसेल तर उद्याच दोघंतिघं मिळून जा, टोकन परत माग, आणि पावती नसेल तर निदान फोनपेचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव.