घड्याळ ९ हजार पावलं म्हणतंय, फोन ६ हजार. खरं कोणाचं?

एकाच दिवसाचे दोन आकडे बघून तुम्ही गोंधळलात. माझ्या मते खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावा. फोन दिवसभर खिशात नसतो, टेबलावर पडून असतो, म्हणून तो कमी सांगतो. घड्याळ मनगटावर असल्यामुळे हात हलला की त्याला वाटतं, चाललात.

मुळात ही यंत्रं पावलं मोजतच नाहीत, हादरे मोजतात. आतली ॲक्सेलरोमीटर चिप शरीराचे झटके टिपते आणि त्यांत चालण्याची लय सापडली तर ती पावलं धरते. बऱ्याच यंत्रांत सलग आठ-दहा सारखे हादरे आल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. त्यामुळे घरातल्या घरात चार पावलं इकडे, तीन तिकडे, असं चालणं सरळ गळून जातं.

मी स्वतः मनात मोजत १०० पावलं चालून पाहिली. नेहमीच्या वेगाने घड्याळाने ९८ दाखवली. सामानाची ट्रॉली ढकलत चाललो तर २७! हात दांड्यावर स्थिर, मग बिचाऱ्याला कळणार कसं? उलट बसल्या जागी कपड्यांच्या घड्या घालताना ४० पावलं फुकटात जमा झाली.

संथ चालीत तर फारच घोटाळा होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर धरून चालायची. घाम गाळून खोलीच्या दहा फेऱ्या मारायची आणि घड्याळात जेमतेम पन्नास पावलं! ती हिरमुसायची. शेवटी तेच घड्याळ मी तिच्या घोट्यावर बांधलं, तेव्हा आकडा बराच जुळला. पाय उचलला की घोटा हलतोच, वेग कितीही कमी असो.

पावलांवरून काढलेलं अंतर हा त्याहून कच्चा हिशोब, कारण पावलाची लांबी यंत्र अंदाजाने धरतं. कॅलरींचा आकडा मी बघतच नाही. सायकल, पोहणं, वजनं उचलणं यांतलं पावलांत काहीच धड उतरत नाही. जिना चढलात तरी एक पायरी म्हणजे एकच पाऊल.

राहता राहिलं ते रोज १० हजार पावलांचं लक्ष्य. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या यंत्राच्या नावातून आला. अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७५०० नंतर आणखी फरक दिसला नाही.

तेव्हा दोन्हींपैकी एकच यंत्र धरा, रोज त्याच हातावर किंवा त्याच खिशात ठेवा आणि या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करा. चाल पुरेशी भरभर आहे का हे बघायचं असेल तर एक मिनिटाचा टायमर लावून पावलं स्वतःच मोजा: १०० च्या आसपास भरली तर ठीक.