‘आम्ही इथे आहोत’ हे केव्हा सांगावे?

प्रश्न : माझी सून प्रवासात प्रत्येक मुक्कामी फेसबुकवर चेक-इन करते, म्हणजे आम्ही कुठे आहोत ते ठिकाणाच्या नावासह जाहीर करते. आम्ही सगळे गणपतीपुळ्याला असताना तिची पोस्ट पाहून माझ्या एका जुन्या परिचितांचा फोन आला, ‘घर कुलूपबंदच का?’ त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मी धास्तावले. जीपीएस बंद ठेवून चेक-इन केले तर चालेल का? जुनी चेक-इन काढून टाकावीत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही; मात्र जीपीएस बंद केल्याने ती दूर होणार नाही. फेसबुकवर ठिकाणाचे नाव शोधून आपणच निवडतो, फोनचे लोकेशन जवळपासची नावे सुचवण्यासाठी वापरले जाते. लोकेशन बंद ठेवले, तरी पोस्टवर ‘गणपतीपुळे’ असे लिहिलेले सर्वांना दिसणारच.

मुळात ही सोय निघाली ती मित्रांनी एकमेकांना गाठावे म्हणून. २००९ मध्ये डेनिस क्राउली आणि नवीन सेल्वदुराई यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या फोरस्क्वेअर या चेक-इनच्या मोबाइल अ‍ॅपवर एखाद्या कॅफेत सर्वाधिक वेळा हजेरी लावणाऱ्याला तिथला ‘मेयर’ हा किताब मिळत असे, आणि त्या हौसेपायी लोक कुठे बसलो आहोत हे तत्क्षणी जाहीर करीत. यातला धोका दाखवण्यासाठी २०१० मध्येच नेदरलँड्समधील काही तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाचे संकेतस्थळ काढले आणि ट्विटरवर उघडपणे झळकणारी चेक-इन ‘रिकाम्या घरांची यादी’ म्हणून एकत्र मांडली. नाव खोडसाळ होते, मुद्दा मात्र रास्त होता.

तेव्हा सुनेला बंदी नको, वेळ बदलायला सांगावे. फोटो जरूर काढावेत; ठिकाणासह पोस्ट मात्र घरी परतल्यावर टाकावी. मित्रांना शोधत जायचे नसेल, तर ताज्या चेक-इनचा तसा उपयोगही नसतो.

दुसरी गोष्ट टॅगची, म्हणजे पोस्टला दुसऱ्या कोणाचे नाव जोडण्याची. पोस्ट केवळ ‘फ्रेंड्स’साठी असली, तरी तिच्यात ज्याला टॅग केले त्याच्या मित्रांनाही ती सहसा दिसते. सुनेने आपल्याला टॅग केले असेल, तर आपल्या परिचितांपर्यंत बातमी बहुधा याच वाटेने पोहोचली असावी. सेटिंग्जमध्ये टॅगची तपासणी सुरू ठेवल्यास अशी पोस्ट आपल्या टाइमलाइनवर येण्याआधी आपल्याला विचारले जाते. सुनेच्या पानावर ती तरीही राहते, म्हणून घरातच बोलून ठेवलेले बरे.

जुन्या सहलींची चेक-इन सरसकट पुसण्याची गरज मला वाटत नाही. जुन्या पोस्ट मर्यादित करण्याची सोय वापरली, की सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. नेमाने होणाऱ्या जाण्यायेण्याचे मात्र तसे नाही. नातवंडाची शाळा, संध्याकाळचा क्लास, ठरलेल्या वारी गाठले जाणारे देऊळ, यांतून घराचे वेळापत्रकच उभे राहते; ती चेक-इन काढून टाकावीत. काही जण हौसेने ‘आमचे घर’ असे ठिकाणच नकाशावर तयार करून ठेवतात. तसे कोणी केले असेल, तर सुरुवात तिथूनच करावी.